काठीनं गुठळी कळत नाही

१८ सप्टेंबर २००१
बा. आजचा दुसरा दिवस. दिवसभर बांधावर, आंब्याखाली. जुन्या पेपरांचे तुकडे कापले, द्राक्षाच्या पेट्यांत घालायला लागतात. माल निघायला अजून चार-पाच महिने आहेत, पण बाहेर बसलेल्या बाईला काहीतरी काम हवं. बागेत विटाळ नको, हा आत्यांचा नियम. सासू आहेत, नियम करणारच. पण बांध नेमका रस्त्याकडेचा. पिंपरी पेंढारहून आळेफाट्याला जाणारी प्रत्येक मोटरसायकल मला बघून जाते. लग्नाला चार वर्षं झाली. बांधावर शैला दिसली की गाव समजतं, ह्याही महिन्यात नाही.
शेजारच्या काकू मुद्दाम थांबल्या. "बसली का गं?" जसं काही एस.टी.त जागा मिळाली.

९ ऑक्टो.
छाटणी उरकली, आज काड्यांना पेस्ट. डोळे एकसारखे फुटावेत म्हणून लावतात ती. लाल रंग टाकलेला असतो, कुठली काडी राहिली ते कळायला. माझे हात कोपरापर्यंत लाल. हौसाबाई म्हणाली, "वैनी, मेंदी लई रंगली. सासूचा जीव हाय तुमच्यावर." हौसाबाई म्हणजे मजूर बायकांची पुढारीण, पश्चिमेकडच्या डोंगरातून टोळी घेऊन येते. तोंडाने फाटकी, पण कामाला वाघ.
ड्रम नेहमीप्रमाणे माझ्याकडे. पेस्ट असो की फवारणीचं औषध, पुडे फोडायचे, पाण्यात ओतायचे, हात घालून कालवायचे. हे म्हणतात काठी घे. आत्या म्हणतात, "काठीनं गुठळी कळत न्हाई. हाताला कळती." आणि ते खरंच आहे. मी कालवलेलं असलं की पंपाचं नोझल चोक होत नाही. पलीकडच्या मळ्यातले पाटील ह्यांना म्हणाले, वैनींच्या हाताला यश आहे. बारावी पास झाले तेव्हा एवढं कौतुक कुणी केलं नव्हतं. खोटं कशाला लिहू, बरं वाटतं.
संध्याकाळी डोकं गरगरलं. जेवले नाही.

२३ ऑक्टो.
बा. नाही. दिवस वर गेलेत. जातात कधी कधी.

५ नोव्हें.
अजून नाही. कोणाला बोलले नाही. ह्यांनीही विचारलं नाही, पण फवारा मारताना मागची नळी ओढायला आज राजूभाऊजींना लावलं. धाकटे दीर, कॉलेज सोडून घरीच असतात, कुरकुरले. म्हणजे हेही मोजतात तर. पुरुषांचं लक्ष नसतं म्हणतात ते काही खरं नाही.

१७ नोव्हें.
भाऊबीजेला माहेरी, लोणीला जाता आलं नाही, बागेवर डावणी रोग येईल म्हणून फवाऱ्यावर फवारे. भाऊ इकडे येऊन ओवाळून घेऊन गेला.
आज जी.ए.ची, म्हणजे घड वाढवायच्या औषधाची, बुडवणी. एकेक घड मगात बुडवायचा, झटकायचा, पुढं. दहा बायका ओळीत, हौसाबाई सगळ्यांत पुढं. मोठ्यांदा म्हणाली, "वैनी, औंदा बांध मोकळाच दिसतुया!" सगळ्या खदाखदा हसल्या. मीही हसले. "गप गं" म्हणायला हवं होतं. "तसं काही नाही" म्हणायला हवं होतं. नुसती हसले, आणि त्या हसण्याचा अर्थ दहाजणींनी आपापल्या घरी नेला.

२५ नोव्हें.
आत्या घागर उचलू देत नाहीत. सकाळी पेलाभर दूध, सायीसकट. चार वर्षांत साय माझ्या वाट्याला पहिल्यांदा. ड्रमवर मात्र मीच. म्हणाल्या, "कालवायला काय वझं उचलायचं आसतंय? आन् आता तर तुज्या हाताला दुप्पट यश."
मलाही वाटतंय की असेल. छाती दुखत नाही, आंबट खावंसं वाटत नाही, पण प्रत्येकीचं वेगळं असतं म्हणतात. मळमळतं मात्र. फवाऱ्याच्या दिवशीच मळमळतं, हे मी इथे लिहून ठेवते. बाकी कुठे बोलणार नाही.

६ डिसें.
चोरओटी झाली.
शेडमध्ये, पेट्यांच्या मागे. आत्यांनी दार लोटून घेतलं. हिरवा खण, हिरव्या बांगड्या, नारळ, तांदूळ, खारीक. तिसऱ्या महिन्यात कुणाला न कळता भरायची म्हणून चोरओटी, आणि बाहेर हौसाबाई खाकरत होती. विधवेनं ओटी भरू नये म्हणतात, पण आत्यांनी दुसऱ्या कुणाला बोलावलं नाही. ह्या बाईला मी कधी रडताना पाहिलेलं नाही, सासरे गेले तेव्हाही. आज डोळे पुसले आणि म्हणाल्या, "पोरी, मी तुला लई बोलले. मनात ठिवू नगं."
मी पदर पसरला. ओटी घेतली. माझी खात्री नव्हती, तरी घेतली.

७ डिसें.
खण ट्रंकेत तळाशी. दोनदा काढून पाहिला.

१९ डिसें.
आईला बरं नाही असं सांगून लोणीला. खरं कारण वेगळं. आळेफाट्याच्या मेडिकलमध्ये शेजारच्या काकूंचा भाचा बसतो, तिथे ते कार्ड मागायची सोय नाही. माहेरी जाता जाता मंचरला उतरले, तिथल्या दुकानात घेतलं. दुकानदाराने कागदात गुंडाळून दिलं, मी चोरी केल्यासारखी पिशवीत कोंबलं.
सकाळी आईच्या न्हाणीत पाहिलं. एकच रेघ. उजेडात नेऊन पाहिलं, वाकडं करून पाहिलं. एकच.
आई चुलीपुढं होती. म्हणाली, "काय झालं गं, तोंड का उतरलं?" म्हटलं, धूर जातोय डोळ्यांत. आईने मला माहेरचं म्हणून मेथीचे लाडू बांधून दिले. तिलाही काकूंकडून बातमी लागलेली.

२ जाने. २००२
ह्यांना सांगायचं ठरवलं होतं. विहिरीवरच्या मोटरकडून येताना जुळवाजुळव केली. ह्यांनीच आधी बोलायला सुरुवात केली, मुलगा झाला तर नाव काय ठेवायचं ते. कधी नव्हे ते हसत होते. मी म्हटलं, मुलगी झाली तर? "तर काय, ती बी आपलीच की." एवढं चांगलं उत्तर देणाऱ्या माणसाला कसं सांगू? लाज वाटते. लाज वाटते आणि दूधही पिते.

११ जाने.
बागेतच. ड्रमपाशी. हात औषधात आणि खाली ओलं लागलं. उठता येईना. पातळावर दिसलं तशी हौसाबाई ओरडली, "आत्या, धावा!" आत्या चप्पल टाकून धावत आल्या. मला धरलं, डोकं पोटाशी घेतलं. "गेलं गं माजं सोनं," म्हणून रडायला लागल्या.
त्या क्षणी बोलायला हवं होतं. सोनं नव्हतं आत्या, नुसती पाळी आली. एवढे चार शब्द. मी डोळे मिटून घेतले.
बागेत विटाळ झाला, ह्यावर कुणी एक अक्षर बोललं नाही. पडलेल्या मुलाचा विटाळ वेगळा असतो बहुतेक.

१४ जाने.
संक्रांत. मला पलंगावरून उठू देत नाहीत. डिंकाचा लाडू, बाजरीची भाकरी, वर तूप. आत्या पाय चेपायला बसल्या, मी पाय ओढून घेतला तर रागावल्या. म्हणाल्या कुणाची तरी नजर लागली, पाटलांच्या घरातली असणार, त्यांनीच हाताचं कौतुक केलं व्हतं. पाटलीणबाईंशी बोलणं बंद करायचं ठरलंय. बिचाऱ्या तिळगूळ घेऊन आल्या होत्या, दारातून परत गेल्या.
एका खोट्याच्या पोटी दुसरं. माझ्या पोटी तेवढंच राहतं.

४ फेब्रु.
मंचर. डॉक्टरबाई. हे बाहेर बाकावर. "आत बायकाच असत्यात, तू जा."
आत गेल्यावर मी सगळं खरं सांगितलं. अनोळखी माणसाला सांगणं सोपं जातं. सोनोग्राफी केली, रक्त घेतलं, ते पुण्याला जाणार.

१२ फेब्रु.
रिपोर्ट आले. जसं कळलं तसं लिहिते. बाईच्या अंगात बिजांडं जन्मतःच असतात, नवीन तयार होत नाहीत. माझी संपत आलीत. पन्नाशीच्या सुमाराला होतं ते मला सव्विसाव्या वर्षी. मूल होणारच नाही असं नाही म्हणाल्या, पण फार आशा धरू नका.
विचारलं, कशानं? म्हणाल्या, पुष्कळदा कारण सापडतच नाही. मग माझ्या नखांकडे बघून, काम काय करता? सांगितलं. हातानं? हो. मोजे? नाही. किती वर्षं? लग्न झाल्यापासून.
पेन खाली ठेवलं. मग म्हणाल्या, "ह्यानंच झालं असं मी छातीठोक सांगू शकत नाही. पण ही औषधं कातडीतून आत जातात, आणि त्यातली काही अंडाशयाला बाधत असावीत असा संशय आहे. तुमचं जे झालं ते झालं. हात घालणं आजपासून बंद. घरात दुसरं कुणी बाईमाणूस हे काम करत असेल, तर तिचंही."
मी म्हटलं, दुसरं कुणी नाही.
बाहेर ह्यांना म्हटलं, अशक्तपणा आहे. गोळ्या दिल्यात. गोळ्या खऱ्या आहेत, पाळी आणायच्या.

१३ फेब्रु.
ह्यांना सांगितलं. सगळं. विहिरीवर, मोटर चालू असताना, म्हणजे दुसऱ्या कुणाला ऐकू जायला नको.
पहिल्यांदा म्हणाले, "म्हंजी राह्यलंच नव्हतं?" नाही म्हटलं. "मग ओटी?" घेतली, म्हटलं.
मग औषधाचं सांगितलं. एकदम चिडले. "सगळं गाव मारतंय. मी तर श्वासात घेतो. मग माज्यात बी खोट हाय का?" म्हटलं, तुमचीही तपासणी करता येते. पाय आपटत गेले. परत येऊन म्हणाले, "हे घरात बोलू नगं. आत्ता राजूचं जमवायचंय. लोक म्हणतील ह्यांच्या बागंत काय तरी हाय."
मला लोणीला पाठवून देतो म्हणाले नाहीत. दुसरीचं नाव काढलं नाही. तेवढ्यावर मी वचन दिलं.

२० एप्रिल
खरड छाटणी, उन्हाळ्यातली. बा. गोळ्यांनी येते आता, ठरल्या तारखेला, सरकारी नळासारखी. आंब्याखाली बसले. काकू, "बसली का गं?" पूर्वी ह्या बांधाचा जीव खाऊन राग यायचा. आज बरं वाटलं की निदान बसायला तरी येतंय. कुणाला कळणार नाही की ही पाळी माझी नाही, गोळीची आहे.

१९ मे
राजूभाऊजींचं लग्न. वर्षा, आळे गावची. एकोणीस वर्षांची, हसरी, बोलताना मान हलवते. गृहप्रवेशाला मला पुढं होऊ दिलं नाही. आत्या हळूच म्हणाल्या, "तू मागं ऱ्हा गं जरा." मी स्वयंपाकघरात भजी तळत राहिले. रडू आलं ते कांद्यावर खपलं.

११ ऑक्टो. २००२
पेस्ट. सवयीनं ड्रमकडे गेले. आत्यांनी मध्येच अडवलं. "तू ऱ्हाऊ दे. वर्षा करंल. ह्या साली नव्या हातानं व्हऊ दे."
कारण सांगितलं नाही, पण कळलं. ज्या हाताखाली गेलं तो हात नको. डॉक्टरबाईंनी जे सांगितलं होतं तेच झालं, हात सुटला. आणि मला काय वाटलं? अपमान. ड्रम काढून घेतल्याचा अपमान. वर्षा बाह्या सावरून वाकली, हात घातला, "आगंबाई, गार!" म्हणून हसली. मी तिला शिकवलं. हो, मी. गुठळी अंगठ्यानं कशी चिरडायची ते.
घरात दुसरं कुणी बाईमाणूस नाही म्हणाले होते. तेव्हा नव्हतं. आता आहे.

१३ ऑक्टो.
काल लिहवलं नाही. का शिकवलं? चार लोकांत तोंड पडू नये म्हणून? की दुसरं काही? वर्षाचं पोट रिकामं राहिलं तर मी एकटी पडणार नाही, असं कुठं तरी आत… पुरे.

३० ऑक्टो.
आळेफाट्याहून रबरी मोजे आणले. वर्षाला दिले, म्हटलं, नखं लाल होतात गं. तिला आवडले. तासाभरात काढून बांधावर ठेवलेले. "ताई, ह्यातनं गुठळी कळत न्हाई. नोझल चोक झालं का भाऊजी माज्यावर वरडत्यात." भाऊजी म्हणजे आमचे हे. सगळं माहीत असलेला माणूस, तिच्यावर ओरडतो. संध्याकाळी विचारलं तर म्हणाले, "मग काय करू? औषध वाया घालवू?"

१४ नोव्हें.
वर्षा आज बुडवणीनंतर दोनदा ओकली. आत्या खूष. "काय तरी हाय बघ!" चारच दिवसांमागं ती बांधावर माझ्या शेजारी बसली होती. पण आत्यांना आठवायचं नव्हतं. मला मात्र तेच मागचं सगळं, साय, दूध, नजर.

२६ नोव्हें.
बोलले.
फवारा चालू होता. वर्षाचा हात ड्रममध्ये, कोपराच्या वर. चेहरा पांढरा. तिने दुसऱ्या हाताने कपाळ धरलं, आणि मला काय झालं कळलं नाही, मी तिचा दंड धरून ओढलाच. औषध दोघींच्या पातळावर. आत्या तिकडून, "काय गं ही तऱ्हा! सोताच्या पोटी न्हाई म्हणून तिचा हात बघवत न्हाई व्हय?"
पंपाचा आवाज एवढा, तरी सगळ्यांना ऐकू गेलं. मीही तेवढ्याच मोठ्यानं म्हणाले, "माझं पडलं नव्हतं आत्या. राहिलंच नव्हतं. माझी पाळी गेली होती. आता गोळीनं येते. ह्या ड्रमनं गेली का ते डॉक्टरलाही सांगता येत नाही, पण तिनं हात घालायचा नाही."
ह्यांनी पंप बंद केला. हौसाबाईनेही काही जोक मारला नाही, पदर तोंडाला लावून खाली बघत राहिली. दहा बायका. गेल्या वर्षी माझ्या हसण्याचा अर्थ घरी नेणाऱ्या त्याच.
आत्या म्हणाल्या, "म्हंजी मी रिकामी ओटी भरली?"
मी हो म्हटलं.
त्या बागेतून निघून गेल्या. चप्पल ड्रमपाशी राहिली.

२७ नोव्हें.
हे म्हणाले, "घरात सांगायचं. बागंत कशाला?" म्हटलं, घरात सांगितलं होतं. तुम्हाला. मग म्हणाले, "माजी बी लाजच हाय ती." तपासणीचं विचारलं नाही मी, त्यांनीही काढलं नाही.
काकू आज थांबल्या नाहीत. नुसतं पाहून गेल्या.

१ डिसें.
आत्या माझ्याशी बोलत नाहीत. वर्षाशी बोलतात ते मला ऐकवायला. "आमी बी बाजरीवर किडीची पावडर हातानंच धुरळली. गोणी फाडायची आन् मुठीनं मारायची. मला तीन झाली की." खरं आहे. तीन झाली, त्यातले दोघं ह्याच घरात आहेत. माझ्याकडे ह्याचं उत्तर नाही. डॉक्टरबाईंकडेही नसणार. असं एकीला बाधतं, एकीला नाही, मग सांगायचं तरी कोणत्या तोंडानं?
दुपारी पाटलीणबाईंकडे गेले. संक्रांतीला दारातून परत गेलेल्या. सांगितलं, तुमची नजर वगैरे काही लागली नव्हती, मीच खोटं बोलले होते. त्यांनी पाट दिला, चहा ठेवला. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं.

९ डिसें.
ड्रममध्ये आता काठी. वर्षा ढवळते, मी वरून जुन्या पातळाच्या फडक्यातून गाळते, मोजे घालून, लांब मगानं. नोझल चोक होतं ते होतंच. आज तीनदा. राजूभाऊजींनी शिव्या घातल्या, आम्हाला नव्हे, काठीला. ह्यांनी नोझल खोललं आणि नेहमीसारखं तोंडात धरून फुंकायला गेले, तेवढ्यात माझ्याकडे पाहिलं. खाली घेतलं. सुईनं साफ केलं.

१५ डिसें.
वर्षा गेल्या आठवड्यातच बांधावर यायला हवी होती. आली नाही.

२९ डिसें.
अजून नाही. बुडवणी केव्हाच संपली, मणी भरायला लागलेत. हौसाबाईची टोळी दुसऱ्याच्या बागेत गेलीय, त्यामुळे टोमणा मारायला कुणी नाही. मला वाटलं होतं बरं वाटेल. उलट कुणी हसलं असतं तर बरं.
मी बांधावर, आंब्याखाली, पेपर कापत. एकटीच. वर्षा आत बागेत, लांबून हात हलवला. मी हलवला का? आठवत नाही.

६ जाने. २००३
वर्षा म्हणते तिला काही होत नाही. मळमळ नाही, काही नाही. "ताई, आसंल का?" म्हटलं, कळेल. "का तुमच्यासारखं…" मग जीभ चावली. तिच्या डोळ्यांत भीती होती. ही भीती तिला मी दिली. द्यायलाच हवी होती, तरी मीच दिली. आधी नुसती हसायची.
दिवस मोजले तर ऑक्टोबरच्या पेस्टपासून नोव्हेंबरच्या त्या दिवसापर्यंत तिचा हात आत होता. फार नाही. माझी चार वर्षं होती. फार नाही, असं आज दिवसभर म्हणतेय.

१२ जाने.
सकाळी शेडमध्ये पेट्या लावत होते. आत्या आल्या, दार लोटलं. दीड महिन्यानं पहिल्यांदा माझ्यासमोर नीट उभ्या राहिल्या. हातात खण. नवा नाही, माझाच. ट्रंकेतून मीच परत केला होता त्यांना, न बोलता, देवळीत ठेवून. घडी तशीच.
म्हणाल्या, "वर्षाला तिसरा लागंल आता."
मी पेटी खाली ठेवली.
"भरू का नगं? तू सांग."
मला वाटलं टोमणा आहे. वर पाहिलं. टोमणा नव्हता. म्हाताऱ्या दिसत होत्या, खण दोन्ही हातांनी धरलेला. ह्या बाईनं आयुष्यात मला काही विचारून केलेलं नाही. मी म्हटलं, मला कसं कळणार आत्या? म्हणाल्या, "तुला न्हाई कळणार तर कुणाला? मागल्या येळंला मी तुज्याकडं नीट बघितलंच न्हाई. बांध मोकळा दिसला, तेवढंच बघितलं."
मागच्या वर्षी ह्याच पेट्यांच्या मागे ह्याच बाईला फसवलं होतं, आणि त्या मला विचारत होत्या. पाया पडावंसं वाटलं. पडले नाही. म्हटलं, उद्या मंचरला नेते तिला. खण आज ठेवा.
"मी बी येते," म्हणाल्या.

१३ जाने.
मंचर. डॉक्टरबाईंकडे गर्दी. वर्षा आत गेलीय. आम्ही दोघी बाहेर त्याच बाकावर, जिथं मागच्या वर्षी हे बसले होते. आत्यांच्या मांडीवर पिशवी, पिशवीत खण, घेऊनच निघाल्या, मी नको म्हणत असताना. वही पर्समध्ये होती म्हणून इथंच लिहितेय. आत्या विचारतात काय लिहितेस, म्हटलं हिशेब.
वर्षानं आत जाताना हात पुढं केले, "ताई, वास येतो का गं अजून?" तीनदा साबण लावून आली होती. मी वास घेतला. नुसता साबण. तरी लगेच नाही म्हणवेना.
खरं लिहायचं तर आत्ता, ह्या बाकावर, एकदा मनात आलं की नसावं. तिलाही नसावं. आणि मग आत्यांनी न बोलता आपल्या हातातला चहा निम्मा माझ्या बशीत ओतला, आणि मी मनातल्या मनात म्हटलं, असू दे देवा, असू दे, मला बघवत नसलं तरी असू दे.
पडदा हलला. नर्सनं नाव पुकारलं, "वर्षाबरोबर कोण आहे?" आम्ही दोघीही उठलो. नर्स म्हणते, एकीनंच यायचं. आत्या खाली बसल्या. पिशवी माझ्या हातात देऊन म्हणाल्या, "तू जा."